सळ्यांना सुतळी

आधी ती पाणी फार प्यायला लागली.
ट्युलिप म्हणाला, उन्हाळा आहे.
सीहॅममध्ये उन्हाळा म्हणजे
समुद्राचं धुकं अकरापर्यंत उठणं, एवढंच.
मग फळ्यांवर विष्ठा, हिरवी, पाण्यासारखी.
तिसऱ्या दिवशी एकीने दाणा टिपायला मान वाकवली
आणि चोच पडली बोटभर बाजूला, लाकडावर.
पुन्हा लाकडावर.
पुन्हा.
मग मान वळत गेली,
ओलं धोतर पिळावं तशी,
आणि एक डोळा आढ्याला लागून राहिला.

मी शेजारच्या तुकड्यात मेथी लावणारा,
मिरजेचा, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळीला.
"तुला सुया कळतात," म्हणाला.
नऊ वर्षांत कुंपणावरून आम्ही
हवामानापलीकडे बोललो नव्हतो.

खाण बंद झाली तेव्हाच्या पैशांतून बांधलेली ढाबळ,
हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, त्याच्या घरापेक्षा नीट.
डॉक्टरीणबाई येऊन दारावर कागद चिकटवून गेल्या:
शर्यती बंद, देणंघेणं बंद,
बूट औषधाच्या पाण्यात बुडवूनच आत.
जी अजून धडधाकट होती त्यांना लस.
तो धरी, मी टोची.
मानेमागची पिसं ओली करून,
कातडी चिमटीत, सुई शेपटीच्या दिशेने.
हातात प्रत्येक वेळी तेच:
वाटीभर तांदळाचं वजन
आणि आत एवढं मोठं इंजिन.

एकशे चार होती. सोमवारी एक्याण्णव.
गुरुवारी मी मोजलं नाही.
तो नावं ठेवत नसे. मी पायातल्या कडीवरचा आकडा वाचायचो,
तो पेन्सिल थुंकीने ओली करून लिहायचा
आणि लिहिता लिहिता सांगायचा:
चार एक सात सात, लर्विकहून, वारा तोंडावर,
रात्री नऊ वीसला, मी जेवण टाकून पळालो होतो.
मग पिशवी. पिशवीवर दुसरी पिशवी.
जी जागच्या जागी गोल फिरत राहिली
ती त्याने माझ्या हाती दिली नाहीत.
पाठ करून उभा राहिला. अंगठा एकदाच हलला.
मी नळ सोडला,
काहीतरी आवाज असावा म्हणून.

बाराव्या दिवशी निळी आली.
जूनमध्ये फ्रान्सहून सोडलेली, हरवली म्हणून खोडलेली,
पंखातली दोन पिसं कमी, छातीवर वाळलेलं रक्त.
ढाबळीला झुलत्या सळ्यांचं दार असतं,
बाहेरून ढकललं तर आत घेतं,
आतून कितीही ढकला, नाही.
ते दार त्याने सुतळीने बांधून टाकलं होतं.
निळीने छातीने ढकललं. मागे सरली.
जरा मान तिरकी करून पाहिलं, पुन्हा ढकललं.

पन्नास वर्षं तंबाखूच्या डब्यात मटार खुळखुळवून
ज्याने आभाळातून पाखरं खाली उतरवली
तो अंगातला स्वेटर काढून हवेत फिरवत होता,
हुर्र्, जा, जा की,
ओरडून ओरडून खोकला आला त्याला.
ती कौलावर बसली. एक पाय पोटाशी घेतला.

एकवीसच्या एप्रिलात आई फोनवर म्हणाली होती,
विमानं चालू असली तरी येऊ नकोस.
मी ऐकलं.
शहाणपणा केलास, असं सगळे म्हणाले.

ही ऐकेना.
दोन रात्री कौलावर काढल्या,
तिसऱ्या दिवशी भुकेने माझ्या शेडवर उतरली.
आता खुरप्या-कुंड्यांमध्ये खोक्यात असते,
दाणे खाते, लस टोचून घेतली,
बसते मात्र जाळीशी, तोंड त्या पट्ट्यांकडे करून.

ट्युलिप रोज संध्याकाळी कुंपणापर्यंत येतो.
अलीकडे येत नाही, हाक मारत नाही,
"खाल्लं का?" विचारतो, मलाच.
काल वाकताना त्याच्या खिशातून डबा पडला.
वाजला नाही.
उचलून दिला तेव्हा झाकण निसटलं,
मटारांवर
फडकं कोंबलेलं होतं.